बेलचं बटण

मुंबईत डॉक्टरच्या केबिनमधून बाहेर पडताना गोळ्यांच्या चिठ्ठीबरोबर दोन वाक्यं हमखास मिळतात. 'मीठ कमी करा' आणि 'टेन्शन घेऊ नका.' पहिल्याचं काय करायचं ते कळतं. पापड-लोणचं ताटातून हद्दपार होतं, नवरा कुरकुरत अळणी आमटी गिळतो. दुसऱ्याचं काय करायचं हे कुणी सांगत नाही. डॉक्टरांना वेळ नसतो, बाहेर बाकावर रांग लागलेली असते, आणि खरं सांगायचं तर त्या खोलीत सगळ्यात टेन्शनमध्ये तेच दिसत असतात.

मला हा सल्ला मिळाला तो निवृत्तीनंतर. नोकरीची सगळी वर्षं मुलुंड ते सीएसटी बहुतेक उभ्यानं गेली. घरी दोन मुलं, सासूबाईंचं आजारपण, ऑफिसात मार्चअखेर. तरी बीपी कायम १२०-८०. आणि आता, सकाळचा दुसरा चहा बसून प्यायची चैन परवडायला लागली, तर वरचा आकडा १६०! नातेवाइकांनी एकमुखानं निदान केलं, 'मुंबईची धावपळ गं, दुसरं काय!' धावपळ संपल्यावर धावपळीचा त्रास कसा सुरू होतो, असं विचारलं की सगळे डायबेटिसच्या गप्पांकडे वळायचे.

धावपळीची बाजू घेऊन जरा बोलते. पुलाच्या पायऱ्या उतरताना फास्ट लोकल फलाटाला लागलेली दिसते. मेंदूतून इशारा सुटतो, मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी ॲड्रिनलिन सोडतात, ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, आणि एरवी गुडघ्यांच्या नावानं खडे फोडणारी बाई पदर खोचून पळत सुटते. काही मिनिटांत मागोमाग कॉर्टिसॉल येतं. यकृतातली साखर रक्तात सोडायची, पचनासारखी बिनघाईची कामं मागे ठेवायची, ही त्याची व्यवस्था. गाडी मिळाली, वरची कडी हातात आली, की हे सारं उतरायला लागतं. घाटकोपर येईपर्यंत श्वास ठिकाणावर आणि बोलणं भाजीच्या भावावर. शरीर याच कामासाठी घडलेलं आहे. चढलेलं उतरतंय तोवर फारसं बिघडत नाही.

बिघडतं ते उतरायचं राहून गेलं की. कॉर्टिसॉलची रोजची भरती-ओहोटी असते. सकाळी जाग आल्यावर ते सर्वांत वर, मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत खाली. इशारा दिवसेंदिवस चालूच राहिला तर हा ताल विस्कटतो. झोप उथळ होते, रक्तदाब आणि साखर चढी राहते, पोटाचा घेर वाढतो. बिनघाईची म्हणून मागे ठेवलेली कामं मागेच राहतात. त्यात जखम भरणंही आलं. अमेरिकेत ओहायोमधल्या संशोधकांनी, घरातल्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची सेवा करणाऱ्या काही बायकांच्या हातावर एक लहानशी, ठरावीक मापाची जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते पाहिलं. तशाच वयाच्या इतर बायकांपेक्षा त्यांना सरासरी नऊ दिवस जास्त लागले. हे १९९५ साली प्रसिद्ध झालं. ज्यांनी घरात असं आजारपण काढलंय त्यांना याचं नवल वाटू नये.

पण मग सगळ्यांचं सारखं का चढत नाही, आणि काहींचंच उतरायचं का राहतं? याचं उत्तर मला वाटतं माझ्या ऑफिसात, साहेबांच्या केबिनबाहेर एका स्टुलावर बसलेलं असायचं.

फोर्टातली जुनी दगडी इमारत. साहेबांच्या टेबलाच्या कडेला बटण, बाहेर भिंतीवर बेल, बेलखाली स्टूल आणि स्टुलावर शिपाई. साहेबांना कधीतरी हार्ट अटॅक येणार हे आम्ही सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. अधिवेशन सुरू झालं की तारांकित प्रश्नांची उत्तरं रात्री उशिरापर्यंत तयार व्हायची. साहेब लालबुंद, फोन कानाला, समोर फायलींचा ढीग. स्टुलावरच्याला कसलं आलंय टेन्शन! 'तुझं बरं आहे बाबा,' असं आम्ही कारकून मंडळी त्याला सर्रास म्हणायचो. त्याचा दिवस कसा जायचा ते मी पुढे पुढे लक्ष देऊन पाहायला लागले. कान कायम बेलकडे. डबा उघडला की बेल वाजणार, हा आमच्याकडचा ठरलेला विनोद. बेल कशासाठी वाजली हे आत गेल्याशिवाय कळायचं नाही. पाण्याचा ग्लास असेल, बदलीचा कागद असेल, नाहीतर दुसऱ्याच कुणाच्या चुकीवरून खरडपट्टी. संध्याकाळी कधी सुटायचं हेही साहेब कधी उठतात त्यावर. त्या स्टुलावर बसलेले दोघं निवृत्तीच्या आधीच हृदयविकारानं गेले. साहेब अजून सकाळी बागेत झपाझप चालताना दिसतात, हात करतात.

दोन माणसांवरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण लंडनच्या सरकारी कचेऱ्यांमध्ये हाच हिशोब हजारो माणसांचा मांडला गेला. १९६७ पासून सुमारे अठरा हजार पुरुष कर्मचाऱ्यांची नोंद ठेवली गेली, आणि मायकेल मार्मट यांच्या नावाशी ते काम पुढे कायमचं जोडलं गेलं. त्या वेळचा समजही आपल्यासारखाच होता: मोठ्या हुद्द्याला मोठा ताण. निघालं उलटंच. सगळ्यात खालच्या श्रेणीतल्या, म्हणजे शिपाईवर्गातल्या पुरुषांमध्ये हृदयविकारानं मरणाऱ्यांचं प्रमाण वरच्या अधिकाऱ्यांच्या तिपटीहून जास्त. खालचे लोक विड्या-सिगारेटी जास्त ओढत असतील, वजन जास्त असेल, म्हणून? तेही हिशोबात धरून पाहिलं, तरी फरकाचा मोठा भाग शिल्लकच राहिला. मला त्यातली सर्वांत बोचरी गोष्ट वाटते ती वेगळी. हा फरक फक्त वरचा आणि खालचा एवढाच नव्हता, पायरी-पायरीनं होता. उपाशी कुणी नव्हतं, नोकऱ्या पक्क्या होत्या, तरी एकेक पायरी खाली उतरावं तशी तब्येतही उतरलेली. १९८५ पासून दुसरी पाहणी सुरू झाली, तिच्यात बायकाही घेतल्या. तेव्हा कामाचा बोजा किती एवढंच विचारलं नाही. आपलं काम कसं आणि केव्हा करायचं यात तुमचं किती चालतं, हेही विचारलं. ज्यांचं फारसं चालत नव्हतं त्यांच्यात हृदयविकार जास्त आढळला.

थोडक्यात, बेलचं बटण कुणाकडे आणि कान कुणाचे, याचा तो हिशोब होता.

बटणावरून आठवलं. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या आसपास आवाजावर प्रयोग केले. टाइपरायटर, आकडेमोडीचं यंत्र, न कळणाऱ्या भाषेतली बडबड, असा सगळा कालवा एकत्र करून माणसांच्या कानावर मोठ्यानं आदळायचा आणि तशातच त्यांना काम करायला लावायचं. काहींच्या हाताशी एक बटण दिलं: अगदीच सहन झालं नाही तर दाबा, आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. आवाज दोन्ही गटांनी सारखाच ऐकला. पण नंतर दिलेल्या कामात बटणवाल्यांच्या चुका कमी झाल्या, आणि न सुटणाऱ्या कोड्यांशी ते जास्त वेळ झटत राहिले. आपण थांबवू शकतो एवढं ठाऊक असणं पुरलं. मुंबईकरांनी हा प्रयोग वेगळा वाचायची गरज नाही. आपल्या मुलाच्या लग्नाची वरात दोन तास वाजली तरी डोकं दुखत नाही. समोरच्या हॉलमधली वाजली की पहिल्या दहा मिनिटांत शंभर नंबरला फोन लावावासा वाटतो.

माझ्या बाबांची गोष्ट मी आतापर्यंत गरिबीची गोष्ट म्हणून सांगत आले. ते लालबागच्या एका मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवर होते. साच्यांचा आवाज असा, की घरीही ते मोठ्यानंच बोलायचे. उकाडा, हवेत कापसाची कस्पटं, आलटून पालटून रात्रपाळी. आजच्या कुठल्याही आरोग्याच्या लेखात हे घातक म्हणून यादीत पहिल्या पाचात येईल, आणि ते घातक होतंच. बाबांच्या कानांनी आणि फुप्फुसांनी त्याची किंमत मोजली. पण भोंगा वाजायचा ठरल्या वेळी, पगार व्हायचा ठरल्या तारखेला. पाळी सुटली की सुटली. चाळीच्या गॅलरीत सतरंजी पडायची, टाळ निघायचे, गाववाले जमायचे. चढलेलं उतरायला जागा होती आणि वेळही होती. बदली कामगारांचं तसं नव्हतं. ते रोज मिलच्या दारावर उभे राहायचे. कुणी गैरहजर असेल तर आत, नाहीतर तसेच परत. बाबा म्हणायचे, बदलीवाल्याला ओळखायला त्याचं कार्ड बघावं लागत नाही, त्याच्या चेहऱ्यावरच असतं. आज रस्त्याकडेला बाइकवर बसून मोबाइलच्या पडद्याकडे डोळे लावलेली डिलिव्हरीची पोरं पाहिली की मला तो चेहरा ओळखीचा वाटतो.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. सुरुवातीला बाबा खुशीत होते. कित्येक वर्षांत पहिल्यांदा ते रात्रीचे घरी झोपत होते. मग महिने लोटले. आज मिटेल, दिवाळीपर्यंत मिटेल, संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत आज सभेत काहीतरी सांगतील. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. मिटला असं म्हणायलाही कधी मिळालं नाही. बाबा दिवसभर गॅलरीत. आवाज नाही, धूळ नाही, पाळी नाही. शरीराला इतका आराम त्यांना जन्मात मिळाला नव्हता, आणि त्याच काळात ते खचले. आधी झोप गेली, मग तंबाखू वाढली. तंबाखूनं डोकं शांत होतं असं ते म्हणायचे. निकोटिन ठोके वाढवतं. शांत होते ती फक्त तंबाखूची तलफ, जी त्या आधीच्या चिमटीनं लावलेली असते. पण हे त्या माणसाला सांगून काय उपयोग होता, ज्याच्या दिवसात स्वतःच्या मर्जीनं करण्यासारखी ती एकच गोष्ट उरली होती? आई पोळ्या लाटून देत होती, घर तिच्यावर चाललं होतं. तिची तब्येत टिकली. तिला दोनशे पोळ्यांची ऑर्डर होती, तो तिचा भोंगा.

बाबांच्या पोटात आग पडायची ती तेव्हापासून. चाळीतल्या डॉक्टरांनी सांगितलं, टेन्शनचा अल्सर. थंड दूध प्या, काळजी करू नका. योगायोग असा, की त्याच १९८२ साली ऑस्ट्रेलियात पर्थला बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी अल्सरच्या रुग्णांच्या जठरातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. कुणी मानेना म्हणून मार्शल यांनी १९८४ मध्ये तो जंतू स्वतःच पिऊन जठराची सूज ओढवून घेतली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. बाबांचा अल्सर पुढे काही वर्षांनी अँटिबायोटिकच्या एका कोर्सनं गेला. तेव्हापासून प्रत्येक दुखण्याचं बिल टेन्शनच्या नावावर फाडणाऱ्यांचा मला राग येतो. विशेषतः बायकांच्या बाबतीत. माझ्या मावशीला धाप लागायची, सारखं थकल्यासारखं वाटायचं. सुनेचं टेन्शन घेता म्हणून तिला झोपेच्या गोळ्या देण्यात आल्या. हिमोग्लोबिन तपासलं तेव्हा ते सात होतं. बायकांना हृदयविकार होतो तेव्हा छातीत कळ येण्याऐवजी धाप, जबड्यात किंवा पाठीत दुखणं, मळमळ, एवढंच दिसू शकतं. ते ॲसिडिटी आणि टेन्शनच्या खात्यात जमा झालं की वेळ हातची जाते. आधी तपासण्या, मग टेन्शन. हा क्रम उलटा होऊ देऊ नये.

राहता राहिले उपाय. या शहराइतके उपाय दुसरीकडे कुठे असतील असं वाटत नाही. चर्नी रोडला कैवल्यधाम, १९१८ साली सुरू झालेली आणि आता सांताक्रूझला असलेली योग संस्था, गोराईला विपश्यनेचा पॅगोडा. हास्यक्लबांचा जन्मही इथलाच. १३ मार्च १९९५ ला डॉ. मदन कटारिया यांनी लोखंडवालातल्या बागेत पाच जणांना घेऊन हसायला सुरुवात केली आणि ते जगभर गेलं. आमच्या बागेतल्या हास्यक्लबाला मी जाऊन आले. हा-हा, हो-हो मला जमलं नाही. नंतर कट्ट्यावर बसून ज्यांनी हसायला बोलावलं त्यांच्याच उखाळ्यापाखाळ्या काढणाऱ्या बायकांमध्ये मात्र छान रमले. परळच्या केईएममध्ये डॉ. न. स. वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पतंजलीच्या कल्पनांवर बेतलेली उपचारपद्धती मानसिक ताणाच्या रुग्णांवर वापरून पाहिली होती आणि १९७३ मध्ये ते काम अमेरिकन नियतकालिकात छापून आलं; योगाची लाट यायच्या कितीतरी आधी. श्वासाचं तर मला पटलंयच. इटलीतल्या एका गटानं २००१ मध्ये दाखवलं, की जपमाळेची लॅटिन प्रार्थना म्हणा किंवा मंत्र म्हणा, श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयाची लय सुधारते. आमची आजी रोज तिन्हीसांजेला हरिपाठ म्हणायची. तिनं आयुष्यात बीपीचं यंत्र पाहिलं नाही.

आणि लोकल. लेडीज डब्यात मटार सोलणं, हळदीकुंकू, दसऱ्याला डब्याला हार-तोरणं, कुणाच्या मुलीला स्थळ आलं त्याची चर्चा. तो तास-दीड तास घर आणि ऑफिस या दोन्ही बेलांच्या टप्प्याबाहेरचा होता. निवृत्तीबरोबर मी तो गमावला, आणि सेंड-ऑफच्या भाषणात त्याचा उल्लेख कुणीच केला नाही. जेन्ट्स डब्यातलं भजन हेही असंच एक मोठं औषध. टाळ-मृदंग, ठेका डब्याच्या पत्र्यावर. फक्त त्याच डब्यात रात्रपाळी करून परतणारा, डोळे मिटू पाहणारा कुणी असेल तर? एकाचा उतारा दुसऱ्याचा चढ होतो, आणि त्या बिचाऱ्याच्या हाताशी बटण नसतं. यावरून डब्यांमध्ये भांडणं होतात, आणि मला दोन्ही बाजूंचं पटतं.

विचार बदलून त्रास कमी करायची एक शिस्त आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी ती १९५५ मध्ये मांडली, कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली. घटनेमुळे जितका त्रास होतो त्याहून जास्त घटनेबद्दलच्या आपल्या हट्टामुळे होतो, असं तिचं सार. नणंदेच्या बाबतीत मला तिचा फार उपयोग झाला. पण संपातल्या बाबांना कुणी हे ऐकवलं असतं तर मी त्याला जिन्यावरून खाली पाठवलं असतं. हातात थोडंफार काही असलं तरच मनाला समजावता येतं. अगदीच सुचेनासं झालं, जगणं नको वाटायला लागलं, तर एकट्यानं निस्तरत बसू नये. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर २०२२ पासून चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. माझ्या एका शेजारणीनं रात्री दोन वाजता लावला होता. पलीकडच्या मुलीनं काही सल्ला दिला नाही म्हणे, नुसतं ऐकलं.

तर माझं १६०. आमची मुलुंडची इमारत पुनर्विकासाला गेली. आम्ही दोघं भाड्याच्या घरात. बिल्डरनं दर महिन्याला भाड्याचे पैसे टाकायचे असा करार. पहिलं वर्ष पैसे वेळेवर आले, मग उशिरा, मग मधलेच महिने गायब. ताबा देण्याची मुदत उलटली. बीपी कुठल्या महिन्यात चढायला लागलं ते मी पासबुक बघून सांगू शकते. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसरात्र तेच: 'तुमचं आलं का?' 'साइटवर काम बंद आहे असं ऐकलं, खरं का?' रात्री अकराला मोबाइल वाजला की पोटात गोळा. स्टूल फक्त आता माझ्या बेडरूममध्ये आलं होतं.

गोळी सुरू केली, ती चालू आहे. गोळीला पर्याय म्हणून मी काही सांगत नाहीये. सकाळी अनुलोम-विलोम करते. पण खरा फरक पडला तो आमच्या नव्या सेक्रेटरींमुळे. गृहस्थ रेल्वेतून निवृत्त झालेले, टाइमटेबलमध्ये हयात गेलेली. त्यांनी ग्रुपवर गप्पा बंद केल्या आणि जाहीर केलं, की दर शनिवारी रात्री नऊ वाजता मी साइटवर जाऊन आलो का, बिल्डर काय म्हणाला, वकील काय म्हणाले, एवढं लिहीन. काही घडलं नसेल तर 'या आठवड्यात काही नाही' असं लिहीन. बाकी दिवस मला विचारू नका. जे वाईट घडायचं आहे त्याची आगाऊ खूण मिळणाऱ्या उंदरांना, खूण न मिळणाऱ्यांपेक्षा ताणानं पोटात पडणारे व्रण (बाबांच्या जंतूच्या अल्सरहून वेगळे) खूपच कमी होतात, हे वाइस नावाच्या संशोधकानं १९७० च्या सुमारास दाखवलं होतं. सेक्रेटरींना ते ठाऊक असण्याचं कारण नाही. त्यांना फक्त इंडिकेटर माहीत आहे. गाडी वीस मिनिटं लेट आहे असं लिहिलेलं दिसलं की माणूस शिव्या देतो पण वडापाव घेऊन बाकावर बसतो. काहीच लिहिलेलं नसलं की तो फलाटाच्या कडेला वाकून वाकून बघत राहतो.

भाडं अजून थकलेलंच आहे. माझा वरचा आकडा आता १३५-१४० च्या मध्ये असतो. गोळीचं श्रेय किती आणि शनिवारचं किती, ते डॉक्टरांनी सांगावं. गेल्या शनिवारी नऊ वाजून दहा मिनिटं झाली तरी मेसेज आला नाही, तर चौथ्या मजल्यावरच्या काकांनी ग्रुपवर लिहिलं, 'सेक्रेटरी साहेब, काही नाही हे तरी वेळेवर सांगा.' त्याला सतरा अंगठे आले.